आक्का, पिशवी माझ्याकडे आहे

तीर्थस्वरूप आक्का यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची पिशवी माझ्याकडे आहे. तेराव्याची पंगत उठल्यावर तुमच्या सूनबाईंनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आम्ही पुण्याला नेऊन काय करणार? ह्यातलं काय कशासाठी ते तुम्हालाच ठाऊक." खाकी कापडाची पिशवी, बंद दोनदा बदललेले, तळाला शाईचा डाग. आत शाईचा पॅड, अंगठा पुसायची चिंधी, दोन निळी पेनं नि एक काळं, गोंदाची बाटली, टाचण्या, सुईदोरा, जादा चष्मा, खडीसाखरेची पुडी. आणि दोनशे पानी वही.

त्या दिवशी मी रडले नाही. घरी येऊन वही उघडली आणि माझं पान सापडलं, तेव्हा रडले.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय, ते तुम्हाला आवडलं नसतं. पण त्याला कारण आहे. तुम्ही कुणाचं कुणाला सांगितलं नाही. म्हणून सूर्यवंशी प्लॉटपासून सांगलीवाडीपर्यंत प्रत्येकीला वाटतं की आक्का आपल्यापुरत्याच होत्या. वही वाचल्यावर कळलं, आम्ही किती जणी होतो ते. आभार मानायचे तर सगळ्यांना ऐकू जातील असेच मानायला हवेत.

पहिल्यांदा तुम्ही घरी आलात ते पोस्टाच्या आवर्त ठेवीचा हप्ता न्यायला. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट तुम्ही. पाच वर्षांची आर.डी., आमचे महिन्याला पन्नास रुपये. शंभराला चार रुपये तुमचं कमिशन, म्हणजे आमच्या घरून तुम्हाला दोन रुपये मिळायचे. त्या दोन रुपयांसाठी तुम्ही दोन बोळ चालत होता, असं मला तेव्हा वाटायचं. धुणीभांडी करणाऱ्या, हळदीच्या गोदामात निवडायला जाणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका तुमच्या कार्डावर होत्या. हप्ता घेताना तुमची नजर घरभर फिरायची. चुलीवर काय आहे, पोरगं शाळेत गेलंय की घरी आहे, सासू खाटेवर कुठल्या कुशीला आहे. सगळं बघून एकच विचारायचा, "आणि काय?" त्या "आणि काय?"चं उत्तर आम्ही कधी खरं दिलं नाही.

२००५ चा जुलै संपत आला होता. माझं लेकरू आठ महिन्यांचं. गल्लीत जो तो एकमेकाला "आयर्विनला किती?" म्हणून विचारत होता, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, एवढं सांगलीत लहान पोरालाही पाठ असतं. मी बाहेरगावची, मला त्याचा अर्थ कळत नव्हता. पाऊस तर त्या दुपारी उघडला होता. तुम्ही हप्त्याचं कार्ड पिशवीत ठेवता ठेवता म्हणालात, "पाऊस उघडला म्हणून गाफील ऱ्हाऊ नगं पोरी. हे पाणी आपलं न्हवं, कोयनेचं, महाबळेश्वरचं हाय. आणि नदी बघायला घाटावर पळू नगंस. दारातलं गटार बघ. नदी याच्या आधी गटार उलटं येतंय."

रात्री दोनला गटार उलटं आलं. चारला तुम्ही आलात, बॅटरी घेऊन. तुमच्याकडे आर.डी. असलेल्या एका रिक्षावाल्या दादांना झोपेतून उठवून आणलं होतं. पाणी गुडघ्याला होतं. तुम्ही लेकराला पदरात गुंडाळलं आणि मला म्हणालात, "कागद कुठं हायत?" मला कळेना कसले कागद. तुम्ही स्वतःच ट्रंक उघडून रेशनकार्ड, लग्नाचा दाखला आणि बाळाचा जन्मदाखला काढून पोटाशी धरलात.

विश्रामबागेतल्या तुमच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं आठ दिवस राहिलो. तिथे तुम्ही रोज सकाळी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायचा, "तुला काय पाहिजे?" मी म्हणायचे, "काही नको आक्का, एवढं केलंत." तिसऱ्या दिवशी तुम्ही जरा रागावूनच म्हणालात, "काही नको हे उत्तर न्हवं. ते लाजणं हाय. मला काम करायचंय, तुझ्या लाजण्याचं काय करू मी?" तेव्हा मी खाली मान घालून सांगितलं, अंगातले कपडे नाहीत, अंगावर एकच जोडी आहे, दूध गळून तीही ओली राहते. तुम्ही "बरं" म्हणालात, मिरजेला गेलात आणि दोन जोड्या घेऊन आलात. बापाघरीसुद्धा मी कधी तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. आक्का, आभारांची सुरुवात करायची तर मी त्या दोन जोड्यांपासून करीन.

तीन वर्षांनी ह्यांचा टेंपो रात्री उलटला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, काही न बोलता मोरीतली भांडी घासलीत आणि गेलात. पाचव्या दिवशी पुन्हा आलात आणि माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणालात, "मयताची नोंद २१ दिवसांत व्हावी लागती. मी जाऊन येतो. तू फक्त सही कर." भावकीतलं कुणी अजून कागदाचं नावही काढलं नव्हतं.

आमचं रेशनकार्ड पिवळं. कमावता माणूस गेला तर अशा घराला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून तेव्हा १० हजार रुपये एकरकमी मिळायचे, आणि विधवा बाईला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा अनुदान. निराधार योजना १९८० पासूनची आहे. मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. कचेरीबाहेर बसणाऱ्या एकाकडून मी अर्ज लिहून घेतला होता. "मी अत्यंत गरीब, अनाथ, असहाय अबला असून आपण मायबाप आहात" असं त्यात होतं. तुम्ही झाडाखाली उभं राहून तो वाचलात, काळं पेन काढलंत आणि ती अख्खी ओळ खोडलीत.

"गरीब लिहू नगं, उत्पन्न लिही. आकडा लिही. सरकार मायबाप न्हवं, आणि तू भीक मागाय आलेली न्हाईस."

मग त्याच अर्जाची नवी प्रत तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलीत. दहावीनंतर हातात पेन धरलं नव्हतं, अक्षर वाकडं येत होतं. तुम्ही घाई केली नाही. "विनंती" हा शब्द एकदाच, शेवटी.

त्या टेबलावर आम्हाला तीनदा परत पाठवलं. एकदा फोटो लहान म्हणून, एकदा साहेब नाहीत म्हणून, एकदा कारणच सांगितलं नाही. चौथ्या खेपेला मी घरूनच निघायला तयार नव्हते. तुम्ही आलात, सिटी बसचं तिकीट काढलंत, माझं नि तुमचं. कचेरीत आवाज चढवला नाही. बाकावर बसलात, वही उघडलीत, पेन त्या माणसापुढे धरलंत आणि म्हणालात, "काय कमी हाय ते ह्यात लिहून द्या साहेब, खाली सही करा. आम्ही उद्या तेवढंच घिऊन येतो." तो माणूस पेनाकडे बघत राहिला. मग अर्ज घेतला आणि पोच दिली. आजही कुठल्या दारात अडले की मी हेच वाक्य म्हणते, जसंच्या तसं.

माझ्या पानावर वहीत हे सगळं आहे. तारखा, खेपा, बसभाडं. "जोड्या २", बरोबरची खूण. "नोंद", खूण. "१० हजार", खूण. आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरात, "हिला अर्ज लिहाय बसवायचं." त्याच्यापुढेही खूण आहे. म्हणजे माझा मोडका संसार सावरताना तुम्ही माझ्यासाठी कामही शोधून ठेवलं होतं, आणि मला वाटत राहिलं की मी आपली सोबत म्हणून तुमच्याबरोबर जाते.

सोबत तर होतीच. दर शनिवारी संध्याकाळी सरकारी घाटावर बसणं, हरिपूरच्या वांगीवाल्या मावशी टोपली रिकामी करून यायच्या, इस्त्रीवाल्या वहिनी यायच्या, भडंगाची पुडी मधे सोडली जायची. त्या बैठकीत कुणाचं काम निघायचं नाही. तुम्ही काढूच द्यायचा नाही. "शनवारी मी कुणाची आक्का न्हवं," असं म्हणून चप्पल काढून पाण्यात पाय सोडायचा. मावशींनी तुमच्या गाण्याची टर उडवली की लहान पोरीसारख्या रुसायचा. तुमच्या मोठेपणाबद्दल पुष्कळ बायका बोलतील. तुमचं ते रुसणं आम्हा चौघींनाच माहीत आहे, ते इथे लिहून ठेवते.

२०१९ बद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्या पुरात मी तुमच्यावर चिडले होते आणि ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्या ऑगस्टात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ला ज्या घरांच्या उंबऱ्याशी पाणी थांबलं होतं, त्या घरांत ते कमरेपर्यंत चढलं. मिरजेच्या बाजूला एका शाळेत छावणी उघडली होती. तुम्ही तेव्हा सत्तरीच्या पुढे, गुडघा सुजलेला, पण पहिल्या दिवसापासून दारात खुर्ची टाकून बसलात. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला नाव, घरात माणसं किती, औषध कुठलं चालू आहे, हे विचारून वहीत उतरवत होता. साखरेच्या गोळ्या कुणाच्या राहिल्या, कुणाला कितवा महिना आहे, हे त्या वहीमुळे पहिल्याच रात्री डॉक्टरांना कळलं.

८ ऑगस्टला ब्रह्मनाळला होडी उलटल्याची बातमी आली. बायका, लेकरं पाण्यात गेली. छावणीत भाकरी थापत होत्या, सगळे हात थांबले. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग उठलात आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहिलात. दत्तनगरच्या दोघी तिघी दागिने नि कागद आणायला परत जायला निघाल्या होत्या, एकीचा नवरा होडीवाल्याशी बोलून आला होता. तुम्ही फाटक सोडलं नाही. "जीव हाय तर कागद पुन्यांदा निघतोय. मी काढून देतो. लिहून घे माझ्याकडनं." ज्या बाईनं २००५ ला पाण्यात उभं राहून माझी ट्रंक उपसली होती, तीच हे म्हणत होती.

आणि मग तो ट्रक आला. लांबून आला होता, बिचारे रात्रभर गाडी चालवून आले होते. आत जुने कपडे, ढीगच्या ढीग. फाटक्या साड्या, स्वेटर, एका पायाचे बूट. तुम्ही त्या पोरांना हात धुवायला पाणी दिलंत, पंगतीला बसवून आमटी भात वाढलात, आणि जेवण झाल्यावर म्हणालात, "हे परत न्या बाळांनो." मला लाजेनं मेल्यासारखं झालं. लोक एवढ्या लांबून देतायत आणि आक्कांना निवड करायची आहे, असं मनात आलं. उर्मटपणा वाटला, आक्का. खरं सांगते.

तुम्ही वहीचं एक पान फाडून त्यांना यादी दिलीत. परकर, बायकांच्या अंगातले कपडे, पॅड, काड्यापेट्या, खराटे, फावडी, रबरी बूट, ब्लिचिंग पावडर. "पाणी उतरलं की गाळ काढायचा हाय," म्हणालात. "त्याला साड्या उपयोगी न्हाईत." त्यातल्या एका पोरानं यादीचा फोटो काढला. पाणी उतरायला लागलं त्या दिवशी एक टेंपो दारात आला, खराट्यांनी आणि फावड्यांनी भरलेला. आणि शहरभर रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात कुजत पडले, तेही मी त्याच आठवड्यात पाहिले. कुणी वाईट मनानं दिलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. मला "काय पाहिजे?" विचारून दोन जोड्या आणून देणारी बाई दुसरं काय करणार होती? मीच ते विसरले होते. माझी चूक झाली, आक्का.

गाळ निघाल्यावर तुमचं खरं काम सुरू झालं. सरकारनं सानुग्रह मदत जाहीर केली, शहरात १५ हजार, खेड्यात १० हजार, त्यातले ५ हजार रोख आणि उरलेले बँकेत. पण खातं मेलेल्या नवऱ्याच्या नावावर, पासबुकाचा लगदा झालेला, आधारकार्ड वाहून गेलेलं, घरमालकानं भाडेकरू असल्याचं लिहून द्यायला नकार दिलेला. तुमच्या व्हरांड्यात रांग लागली. ओले कागद उन्हात टाकू नयेत, ते आकसतात आणि शाई पसरते, हे तुम्ही सगळ्यांना ओरडून सांगत होता. एकेक पान सोडवून वर्तमानपत्रात ठेवायचं, वर पोळपाट, पोळपाटावर वरवंटा. मग इस्त्रीवाल्या वहिनी मलमलचं फडकं टाकून अगदी मंद इस्त्री फिरवायच्या. त्यांची स्वतःची टपरी बुडाली होती, इस्त्री तेवढी वाचली होती. वहिनींनी त्या पंधरवड्यात कुणाकडून पैसा घेतला नाही, हेही वहीत आहे. पुढे त्यांच्या टपरीसाठी तुम्ही काय काय केलंत, तेही आहे.

तुम्ही कधी कुणाला "पूरग्रस्त" म्हणाला नाहीत. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांनाही चहा देऊन सांगायचा, "भाऊसाहेब, त्या बाईच्या घरात फ्रीज न्हवताच, मशीन हुती शिलाईची. ती लिहा." खोटं लिहू द्यायचा नाही आणि खरं सुटू द्यायचा नाही. त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या कागदावर कुणी शंका घेतली नाही.

टाळेबंदीत तुम्ही फोनवरून औषधांची यादी घेत राहिलात. २०२१ ला पुन्हा ५५ फुटांच्या घरात पाणी आलं तेव्हा गुडघ्यानं तुम्हाला घरात अडकवलं होतं. छावणीच्या दारातल्या खुर्चीवर मी बसले. रात्री दहाला तुमचा फोन यायचा, पहिला प्रश्न ठरलेला, "पॅड आल्यात का?"

एका गोष्टीचा मात्र मला अजून राग आहे. आम्हाला सगळ्यांना मागायला शिकवणाऱ्या बाईनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. साखर वाढलेली लपवली. गुडघ्याचं ऑपरेशन दर वर्षी "औंदा न्हाई, पुढच्या वर्षी" म्हणून ढकललं. तुमची वही मी तीनदा वाचली, त्यात तुमचं पान नाही.

शेवटच्या महिन्यात मी तुमच्या खाटेशी बसून तुमचाच प्रश्न विचारला, "आक्का, तुम्हाला काय पाहिजे?" तुम्ही म्हणालात, "काय नगो गं." मी म्हटलं, "काही नको हे उत्तर नव्हे." तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. मग म्हणालात, "घाटावर ने एकदा."

त्या पहाटेच्या रिक्षावाल्या दादांचा मुलगा आता रिक्षा चालवतो. त्यानं आणि मी तुम्हाला उचलून बसवलं. शनिवार नव्हता, तरी मावशी आल्या, वहिनी आल्या. हिवाळ्यातली नदी, पाणी खाली, स्वच्छ. पायरीवर बसून तुम्ही आयर्विनच्या खांबावरच्या फुटांच्या खुणा बोटानं मोजल्यात आणि म्हणालात, "एवढ्या वर हुतं गं." मावशींनी तुम्हाला गायला लावलं. कुणी टर उडवली नाही, तर त्यावरूनही तुम्ही रुसलात.

आक्का, मला अर्ज लिहिता येतो ते तुमच्यामुळे. माझ्या लेकराची फी मी माझ्या कमिशनवर भरली, ती एजन्सी तुम्ही मिळवून दिलीत. तो आता नोकरीला लागला आहे. पहिल्या पगारातून त्यानं तुमच्यासाठी साडी आणली होती, ती तुम्ही नेसलात ते बरं झालं. उपकार फेडायचं वगैरे मी लिहीत नाही, ती ओळही तुम्ही खोडाल. आभार मात्र लिहिते, एकदाच, आणि आकड्यासकट: २००५ पासून तुम्ही माझ्यासाठी कचेरीच्या चौदा खेपा केल्यात. सगळ्या वहीत आहेत. मी त्या मोजल्या.

बाकी इकडची खबर. निराधार योजनेच्या बायकांचे ह्या वर्षीचे हयातीचे दाखले बहुतेक झाले. अनुदान आता दीड हजार आहे, आणि एक दाखला राहिला तरी ते थांबतं, म्हणून तुमच्यासारखंच घरोघर जाऊन आले. कर्नाळ रोडच्या आजींचं बोट मशीनवर उठत नाही, रेषा पार झिजल्यात. दोनदा परत पाठवलं त्यांना. सोमवारी मी त्यांना घेऊन पुन्हा जाते आहे. वही बरोबर घेतली आहे, आणि काळं पेनही.

तुमची,
सूर्यवंशी प्लॉटातली पोरगी